इडीरावांचा सातवा प्रश्न

गोपाळरावांना तंजावुरात त्या नावाने फारसे कोणी ओळखत नसे. ऑटोवाल्याला गोपाळराव म्हटले तर तो पाच गल्ल्या फिरवील. इडीराव म्हटले की तो थेट वाड्यामागच्या आमच्या गल्लीत आणून सोडायचा. तमिळमध्ये इडी म्हणजे कडकडून पडणारी वीज. इमारतीवर वीज पडली तर ती कोणत्या वाटेने खाली आणून मातीत सोडायची हे ठरवणे, एवढेच त्यांचे काम होते. मी त्यांना अण्णा म्हणत असे.

मी चौथीपर्यंत शिकले, तेही तमिळ शाळेत. मराठी अक्षरे वडिलांनी शिकवली. ते जुन्या पोथ्यांची धूळ झाडायच्या कामावर होते आणि संध्याकाळी ओट्यावर खडूने अक्षरे काढून माझ्याकडून गिरवून घ्यायचे. माझ्या मुलांना मराठी बोललेले कळते, वाचता येत नाही. म्हणून ही वही उघडी राहिली तरी मला भीती नाही. अण्णांना मी एक गोष्ट सांगायला हवी होती. ती सांगितली नाही. आता ते नाहीत, म्हणून इथे लिहिते.

त्यांच्याकडे मी आधी त्यांच्या पत्नी राधावहिनींना इडलीचे पीठ वाटून द्यायला जात असे. एकदा पुढच्या खोलीत केर काढताना टेबलावर त्यांची वही उघडी होती. मी पुटपुटत वाचले, "काठ्या तीन, खड्डे दोन, मागची भिंत ओली."

मागून आवाज आला, "हे तुला वाचता येतं?"

मी केरसुणी टाकून आत पळाले. मला पुरुषमाणसाने एकदम काही विचारले की असेच व्हायचे. अण्णा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि वहिनींना म्हणाले, "अगो, ह्या मुलीला मराठी वाचता येतं. पीठ तू वाट."

"मी वाटते की. तुमच्या काठ्या-खड्ड्यांपेक्षा सोपं आहे," वहिनी म्हणाल्या.

वही मराठीत लिहिण्यामागे त्यांचे कारण होते. कंत्राटदार वहीतला आकडा बघून हळूच बदलत, तीन खड्ड्यांचे दोन करत. तमिळ तर साऱ्यांनाच येते, इंग्रजीही थोडे येते. आमची अक्षरे मात्र गावात कोणाला येत नाहीत. "ही माझी तिजोरी आहे," ते वहीवर हात ठेवून म्हणायचे. त्या तिजोरीची दुसरी किल्ली मी झाले. टेपचे एक टोक धरायचे, ते सांगतील ते लिहायचे आणि बाहेर कोणाशी काही बोलायचे नाही. हे शेवटचे मला सगळ्यात चांगले जमायचे.

अण्णा उंच आणि किडकिडीत होते. पायात नेहमी रबरी चपला. लोक म्हणत, इडीला घाबरून रबर घालतो. खरे म्हणजे त्यांच्या तळपायाला कुरूप होते. पण ते कोणाचा समज दूर करत नसत. "घाबरतो असं वाटलं तर माझं ऐकतील तरी," म्हणायचे. विजेच्या खात्यात तपासनिसाची नोकरी करून ते घरी बसले होते. तेवढ्यात गावात रोज काहीतरी नवे उभे राहू लागले. लग्नाचे कल्याण मंडप, कॉम्प्युटर शिकवायचे वर्ग, तीन मजली दुकाने, प्रत्येक गच्चीवर टीव्हीची तबकडी. एका पावसात केबलच्या तारेतून वीज आली आणि गल्लीतले अर्धे नवे टीव्ही एका क्षणात काळे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या ओट्यावर रांग लागली.

"टीव्ही जळला की मी आठवतो," ते वहिनींना म्हणाले. "ह्यांना सांग, टीव्हीत वीज यायच्या आधी या."

वीज चमकली की सगळे वर बघतात. अण्णा खाली बघायचे. "वीज वरून येते अंबू, पण माणूस खालून मरतो. वर काठी कोणीही लावील. ती वीज उतरून मातीत जाते तिथे कोण उभं आहे, ते बघायचं." काठीपासून जमिनीपर्यंत तांब्याची पट्टी उतरते. वीज पडते त्या क्षणी पट्टीच्या पायथ्याची तीन-चार पावले जमीन कोणाचीच नसते, असे ते सांगायचे. म्हणून पट्टी नेहमी अशा बाजूने उतरवायची जिथे कोणी उभे राहत नाही.

त्यांच्याकडे छापील इंग्रजी फॉर्म होता. त्यात सहा प्रश्न. इमारत कशासाठी आहे, कशाची बांधली आहे, आत काय ठेवतात, एकटी आहे की इतर घरांच्या घोळक्यात, जमीन सपाट की उंचावर, आणि उंची किती. प्रत्येक उत्तराला गुण असत, बेरीज केली की धोका किती ते कळे. वहीत उतरवून घेताना अण्णा त्याखाली स्वतःचा सातवा प्रश्न घालत: माणसं किती, आणि कोठे उभी राहतात?

ह्या सातव्या प्रश्नापायी त्यांनी किती जणांशी भांडण केले असेल. एका कल्याण मंडपाचे मालक आले होते. गळ्यात जाड साखळी, बरोबर दोन माणसे. त्यांना काम कमी करून हवे होते, म्हणून जेवणाच्या पंगतीतली माणसे निम्मी लिहा म्हणत होते.

अण्णा म्हणाले, "माणसं मी कमी करत नाही. तुम्ही पत्रिका कमी वाटा."

"राव, कागदावरच तर कमी करायची आहेत."

"वीज कागद बघून पडते का?"

मालक उठून गेले आणि आठ दिवसांनी परत आले, कारण दुसरा कोणी सही करायला तयार नव्हता. जाताना मला म्हणाले, "तुमचा राव मराठीत काय लिहितो कोण जाणे, शिव्याच असतील." मी मान खाली घातली. त्या पानावर एवढेच लिहिले होते: पंगत पाचशे, वर्‍हाड हट्टी.

त्याच मंडपात पुढे गल्लीतल्या एका मुलीचे लग्न झाले. सगळे फुलांची कमान बघत होते, अण्णा खांबामागची पट्टी. ती नेमकी जिथे उतरते तिथे खुर्ची ओढून नवऱ्या मुलाची आत्या बसली होती. बाहेर आभाळ भरून आलेले. अण्णा जाऊन म्हणाले, "आत्या, इथून उठा."

आत्या विधवा होती. तिने शांतपणे विचारले, "लग्नात मी पुढे दिसते म्हणून उठवतोस?"

अण्णांचा चेहरा मी तेव्हा बघितला. मग त्यांनी ती पूर्ण रांगच उठवली. नवऱ्याच्या आईला, दोन मामांना, एका वकिलाला, सगळ्यांना खुर्च्या उचलायला लावल्या आणि आत्याला सगळ्यांत पुढे नेऊन बसवले. वकील कुरकुरला. अण्णा म्हणाले, "तुम्हाला वीज ओळखत नाही हो, उठा." घरी आल्यावर मात्र ते जेवले नाहीत. "चार शब्द आधी बोलायला हवे होते," एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होते. "शब्द चुकला की बरोबर कामसुद्धा अपमान होतं."

पट्टी शेवटी ज्या खड्ड्यात जाते त्यात मीठ आणि कोळसा घालतात आणि त्याला पाणी पाजत राहावे लागते. माती कोरडी पडली की वीज आत शिरत नाही. लोक काम झाले की खड्डा विसरत. एका शाळेत मात्र अण्णा वर्षाने गेले तर खड्डा ओलागच्च. झाकणावर हळद, कुंकू, जास्वंदीचे फूल. शाळेत झाडायला येणाऱ्या बाईने अण्णांना शुक्रवारी तिथे पाणी घालताना पाहिले होते. तिला वाटले आत नागदेवता आहे. मुख्याध्यापक ओशाळून फूल काढायला गेले.

"राहू द्या," अण्णा म्हणाले. "माझं ऐकून कोणी पाणी घालत नाही. हिचं ऐकून घालतील."

त्या दिवसापासून अवजारांच्या पिशवीत त्यांनी कुंकवाची डबी ठेवली. नवा खड्डा भरला की झाकणाला स्वतः कुंकू लावायचे. वहिनी हसायच्या, "ह्यांना आमटीत मीठ कमी चालतं. खड्ड्यात कमी चाललं नाही कधी. आता पूजाही खड्ड्याचीच."

इथपर्यंत लिहायला मला काही त्रास झाला नाही. पुढचे लिहायला चार दिवस गेले.

पापनाशमच्या वाटेवर एक भाताची गिरणी होती. भात उकडायचा बॉयलर, त्याचे उंच धुराडे आणि समोर भात वाळवायचे सिमेंटचे मोठे अंगण. चारी बाजूंना शेते, त्यामुळे धुराडे लांबून एकटे दिसायचे. मालकाला पावसाआधी काम हवे होते. नेमके तेव्हा अण्णांना मद्रास आय झाला, म्हणजे डोळे आले. दोन्ही डोळे लाल, पापण्या चिकटलेल्या, वहिनी घराबाहेर पडू देईनात. अण्णा म्हणाले, "अंबू, मोजमाप गिरणीच्या हिशेबनिसाकडून नकाशात मिळेल. तू फक्त सातवा प्रश्न लिहून आण. माणसं किती, कोठे उभी राहतात. दिवसभर बस आणि बघ."

मी पहिल्यांदाच एकटी गेले. हिशेबनिसाने खुर्ची दिली नाही, मला ते बरेच वाटले. मी दारापाशी उभी राहून मोजले. यंत्रावर दोन, बॉयलरवर दोन, पोती उचलणारे सहा आणि हिशेबनीस स्वतः. अकरा. सगळे पुढच्या बाजूला वावरत होते, जिथे लॉरी लागते. मी वहीत चांगल्या अक्षरात लिहिले: माणसं अकरा, पुढे उभी राहतात.

अंगणात बायका होत्या. वीस-बावीस असतील. पायांनी भात उलथत होत्या. दुपारी त्या धुराड्यामागे टेकवलेल्या पत्र्याच्या पडवीत जेवायला बसल्या. मला त्यांनी बोलावले. अंजलै नावाची एक होती, माझ्याच वयाची, पुढचे दोन दात किंचित वर आलेले. तिने मला सरकून जागा दिली, ताक दिले.

"काय लिहितेस?" तिने विचारले.

मी तमिळमध्ये म्हटले, "इथे माणसं किती ते."

"आम्हाला लिहिलंस?"

मी म्हटले, "तुम्ही बायका ना."

सगळ्या हसल्या. अंजलैसुद्धा हसली, "हो बाई, आम्ही बायका," म्हणाली आणि मला अजून ताक ओतले.

आमच्या घरात 'माणसं' म्हणजे पुरुष. आधी माणसं जेवतात, मग बायका जेवतात. दारावर कोणी आले तर आम्ही आतून सांगतो, घरात माणसं नाहीत. अण्णांनी माणसं विचारली होती, मी माणसं लिहिली. असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितले. पण अंजलैने विचारले तेव्हा माझा हात वहीवर थांबला होता. ह्यांनाही लिहावे का, असे माझ्या मनात आले होते. शाईने लिहिलेले अकरा खोडायची मला लाज वाटली. आणि न विचारलेले लिहायचे म्हणजे अण्णांच्या पुढे आगाऊपणा केल्यासारखे वाटले. मी वही मिटली.

घरी अण्णांनी डोळ्यांवर ओले फडके धरून विचारले, "आणि मागची बाजू? धुराड्यामागे?"

मी म्हटले, "मागे माणसं नाहीत, अण्णा."

त्यांनी पट्टी मागून उतरवायचे ठरवले.

पट्टी बसवायला अण्णा स्वतः आले. त्या दिवशी आभाळ होते, वाळवायला भात नव्हता, म्हणून बायका आल्या नव्हत्या. अंगण रिकामे. पडवीत टोपल्या आणि पोती रचलेली. अण्णांनी हिशेबनिसाला विचारले, "ही पडवी कशाला?"

"पोती ठेवायला," तो म्हणाला.

मग त्यांनी माझ्याकडे बघितले. काही विचारले नाही, फक्त बघितले. मी टेपचे टोक धरून उभी होते. तेव्हाही बोलता आले असते. मी टेप घट्ट धरला.

ऐप्पसी महिन्यात दिवाळीच्या सुमारास दोन दिवस ऊन पडले. मालकाने घाईने बायकांना बोलावले. तिसऱ्या प्रहरी वारा सुटला. बायकांनी भातावर ताडपत्र्या ओढल्या आणि पावसातून पळत पडवीत शिरल्या. वीज धुराड्यावर पडली. अण्णांची पट्टी अगदी नीट चालली. धुराड्याची एक वीट हलली नाही, यंत्रे बिघडली नाहीत, पुढचे अकरा जण जागच्या जागी उभे राहिले. वीज मागून उतरली. पट्टीला खांदा टेकून अंजलै उभी होती. तिच्याबरोबर तीन बायका पडल्या. त्या तिघी उठल्या. अंजलै पुष्कळ दिवसांनी उठली, पण तिचा उजवा हात पुन्हा उठला नाही आणि त्या बाजूचा कान गेला.

गिरणीच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावले. मालक, हिशेबनीस, अंजलैचा नवरा आणि गावातले दोन जाणते. अण्णा वही घेऊन गेले, मी पिशवी घेऊन. मालकच बोलत होता.

"माणसं उभी राहतात तिथे पट्टी आणायची नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग तुमची मोजणी कोणी केली?"

"मी," अण्णा म्हणाले.

हिशेबनिसाने माझ्याकडे बोट केले. "पण ह्या बाई आल्या होत्या ना, दिवसभर बसल्या होत्या."

"त्या नकाशा न्यायला आल्या होत्या. मोजणी माझी. वही माझी, अक्षर माझं."

अक्षर माझे होते. पान त्यांच्या हातात उघडे होते आणि खोलीत ते अक्षर वाचू शकणारी दोनच माणसे होती. कल्याण मंडपाच्या मालकासमोर ज्यांनी एक आकडा हलू दिला नाही, ते अण्णा माझ्या डोळ्यांदेखत खोटे बोलले. मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. गावातला एक जण म्हणाला, "मोठा इडीराव. बायकांच्या डोक्यावर इडी आणून ठेवली." अण्णांनी ते ऐकून घेतले. मग उठून ते अंजलैच्या नवऱ्यासमोर गेले आणि हात जोडले. त्याने तोंड फिरवले.

परतीच्या बसमध्ये अण्णा माझ्या शेजारी बसले. मग त्यांनी विचारले, "अंबू, माणसं म्हणजे तुला काय वाटलं?"

मी म्हटले, "पुरुष, अण्णा."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "आमच्या घरीही तसंच म्हणतात. आई म्हणायची, माणसांची पानं मांडा. म्हणजे चूक शब्दाची. आणि तो शब्द मी लिहिला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस."

तेव्हा मी सांगायला हवे होते. त्या बसमध्ये, तिथेच. अण्णा, शब्द चुकला नव्हता. अंजलैने मला विचारले होते, आम्हाला लिहिलंस का. मी वही मिटली होती. एवढेच सांगायचे होते. मी पदर सारखा केला आणि "सरी, अण्णा" म्हटले, म्हणजे बरं.

घरी आल्यावर त्यांनी वहीच्या पहिल्या पानावरचा सातवा प्रश्न खोडला आणि नवा लिहिला: जीव किती, आणि कोठे उभे राहतात? तो त्यांनी वाचून दाखवल्यावर वहिनींनी विचारले, "मग गाय आली, कुत्रं आलं तर?"

"येऊ दे," अण्णा म्हणाले. "जास्त झाले तर चालतील."

कामे येणे हळूहळू बंद झाले. कोणी बोलून दाखवले नाही, ओट्यावरची रांग आपोआप संपली. मंडपाच्या मालकांनी नव्या इमारतीसाठी मद्रासहून कोणाला तरी आणले. अण्णा तरीही रोज सकाळी टेबल पुसून बसत. मला बघितले की म्हणत, "ये अंबू, आज काही नाही, पण ये." त्या 'ये'पुढे मला उभे राहवत नसे. सासूबाईंचे गुडघे धरले आहेत असे सांगून मी जायचे सोडले. सासूबाईंचे गुडघे चांगले होते. त्या बातमीने अण्णांनी त्यांच्यासाठी तेलाची बाटली पाठवली. ती मी कपाटात मागे ठेवली.

त्यांना शेवटचे पाहिले ते त्यानंतरच्या तै महिन्यात, पोंगल होऊन गेल्यावर. मी बहिणीकडे पापनाशमला निघाले होते. वाटेत बस बिघडली. कंडक्टर म्हणाला, मागची गाडी येईल, उतरा सगळे. समोर भात वाळवायचे अंगण होते, आमच्या त्या गिरणीचे नव्हे, दुसरे. तिथे एका पोत्यावर अण्णा बसले होते. समोर बायकांची रांग. त्या एकेक पुढे येत होत्या, अण्णा विचारून लिहीत होते. त्यांना तिथे कोणी बोलावले होते की ते आपणहून गेले होते, ते मला कधी कळले नाही.

"तुझं नाव?"

"काय करायचंय नावाशी?"

"नाव लिहिलं की तू राहून जात नाहीस. पाऊस आला की कोठे उभी राहतेस?"

"ह्या चिंचेखाली."

"चिंचेखाली नको. तो पलीकडचा गोदामाचा पक्का दरवाजा आहे ना, त्याच्या आत. हो, मी मालकाला सांगतो. पुढे या, आजी. तुम्ही कोठे उभ्या राहता?"

"पाऊस आला की मी घरी जाते," म्हातारी म्हणाली. "मला काय वेड लागलंय इथे भिजायला?"

बायका हसल्या. अण्णांनी ते जसेच्या तसे लिहून घेतले. त्यांचे केस पांढरे झाले होते. नवीन शर्ट गळ्याशी सैल दिसत होता.

मी जवळ गेले. माझे पाय आपणहून गेले, तसे ते कधी जात नाहीत. मी म्हटले, "अण्णा, मला एक सांगायचं आहे. त्या गिरणीचं. अंजलैचं."

त्यांनी मान वर केली. मला ओळखून त्यांचा चेहरा खुलला. "सांग की. पण आधी ह्यांचं होऊ दे अंबू. ह्यांची सुट्टी संपेल. तू बस तिथे सावलीत."

मी सावलीत बसले. आठ-नऊ बायका राहिल्या होत्या. मी मनातल्या मनात वाक्य जुळवले. छोटेच वाक्य होते. अण्णा एकेकीला तेवढाच वेळ देत होते, घाई नव्हती. पाच राहिल्या तेव्हा मागची बस आली. कंडक्टरने बिघडलेल्या गाडीतले सामान हलवायला सुरुवात केली. त्यापुढची बस अर्ध्या तासाने होती. बहीण काही रागावली नसती.

मी उठले आणि बसमध्ये चढले.

खिडकीची जागा मिळाली. सामान चढवायला वेळ लागत होता, इंजिन चालू होते, दार उघडे होते. शेवटची बाई नाव सांगून निघून गेली. अण्णांनी पेन्सिल खिशात ठेवली, वही मिटली आणि सावलीकडे बघितले. मग आजूबाजूला बघितले. मी कोठे पाणी प्यायला गेले असेन असे त्यांना वाटले असावे. त्यांनी पोत्यावरची धूळ हाताने झाडली, थोडे सरकून बसले आणि माझ्यापुरती जागा केली.

बस सुटली.